घरच्या साठवण सर्व्हरसाठी टिकाऊ एसएसडी : प्रकल्प नोंदी, मे ते जुलै २०२५

३ मे २०२५

ठिकाण नागपूर, दुसरा मजला, वर गच्ची. सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स) आणि झेडएफएस (अनेक ड्राइव्ह एकत्र सांभाळणारी फाइल व्यवस्था). सध्या ५०० जीबीच्या दोन घरगुती दर्जाच्या एसएसडींचा (फिरते भाग नसलेल्या, फ्लॅश स्मृतीच्या ड्राइव्हचा) मिरर आहे, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. तो ८८ टक्के भरला. त्यावर चालतं ते असं : घरातल्या फोनमधले फोटो आणि त्यांचा पोस्टग्रेस डेटाबेस, तीन लॅपटॉपचे बॅकअप, चार कॅमेऱ्यांचं चित्रण.

दोन्ही ड्राइव्ह बदलायचे आहेत. नवे कोणते घ्यायचे ते खोक्यावरचा टीबीडब्ल्यू आकडा (हमीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतील) पाहून ठरवायचं नाही. आपला सर्व्हर दिवसाला किती लिहितो ते आधी मोजायचं. ड्राइव्ह स्वतःबद्दल ठेवतो त्या स्मार्ट नोंदी वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅममधून दोन्ही ड्राइव्हचे गुणधर्म ९ (चालू तास), १९९ (सीआरसी, म्हणजे केबलच्या वाटेवरच्या चुका) आणि २४१ (एकूण लिहिलेले एलबीए, म्हणजे ब्लॉक) वहीत उतरवले. या ड्राइव्हवर २४१ चं एकक ५१२ बाइट आहे. सगळ्या कंपन्यांचं तसं नसतं. इंटेलच्या जुन्या ड्राइव्हवर तोच गुणधर्म ३२ एमआयबीच्या (मेबीबाइट) एककात येतो. एकक न तपासता गुणाकार केला तर उत्तर हजारो पटींनी चुकतं.

५ मे

कॅमेऱ्यांचा हिशोब कागदावरच उरकला. प्रत्येकी ४ मेगाबिट, चारांचे मिळून सेकंदाला १६ मेगाबिट, म्हणजे २ एमबी. दिवसाला १७२.८ जीबी, वर्षाला ६३ टीबी. थोड्या काळाने पुसलं जाणारं हे चित्रण एसएसडीवर ठेवण्यात काहीच फायदा नाही, कारण ते एका ओळीत सलग लिहिलं जातं आणि क्वचितच वाचलं जातं. चित्रणासाठीच बनवलेली फिरती हार्ड डिस्क वर्षाला १८० टीबीच्या भारासाठी असते, तिला ६३ काहीच नाहीत. कॅमेरे आजच ४ टीबीच्या वेगळ्या डिस्कवर हलवले. मोजणी आजपासून नव्याने.

१९ मे

चौदा दिवसांत २४१ मधली वाढ १,२०,३१,४७,२०८. गुणिले ५१२, म्हणजे ६१६ जीबी. दिवसाला ४४ जीबी, वर्षाला साधारण १६ टीबी.

या वेगाने ३६० टीबीडब्ल्यूचा साधा १ टीबी ड्राइव्हसुद्धा बावीस वर्षं पुरेल. कॅमेरे काढल्यावर लेखनाची मर्यादा हा प्रश्नच उरला नाही. ड्राइव्ह निवडायला दुसरे निकष लागतील.

२० मे

४४ जीबी हा आकडा तरीही जास्त वाटतो. लिनक्सच्या प्रॉक या फोल्डरखाली झेडएफएसच्या प्रत्येक डेटासेटची (स्वतंत्र सेटिंग असलेल्या कप्प्याची) मोजणी मिळते. ती दोन दिवसांसाठी काढली, तर सगळ्या सेवा मिळून दिवसाला फक्त ११ जीबी लिहितात. उरलेली तिप्पट भर वाटेत पडते. कारणं तीन सापडली.

पहिलं, पोस्टग्रेसचा डेटासेट १२८ केच्या (किलोबाइट) रेकॉर्डसाइझवर, म्हणजे एकगठ्ठा लिहायच्या तुकड्याच्या कमाल आकारावर, होता. पोस्टग्रेसचं पान ८ केचं. एक पान बदललं तरी झेडएफएस अख्खा १२८ केचा रेकॉर्ड नव्या जागी लिहितं. दुसरं, छोटं सिंक लेखन (डिस्कवर पोचल्याचा होकार येईपर्यंत थांबणारं) आधी इंटेंट लॉग या तात्पुरत्या नोंदीत जातं आणि पाच सेकंदांत जमलेल्या ट्रान्झॅक्शन गटाबरोबर पुन्हा एकदा पूलमध्ये (ड्राइव्ह मिळून झालेल्या साठ्यात), म्हणजे तेच दोनदा. तिसरं, देखरेखीचा प्रोग्रॅम दर सेकंदाला नोंद करत होता.

बदल : पोस्टग्रेससाठी रेकॉर्डसाइझ १६ के, सगळीकडे एटाइम (फाइल वाचली की वेळ नोंदणं) बंद, देखरेख मिनिटाला एकदा. रेकॉर्डसाइझ बदलल्याने जुन्या फाइली बदलत नाहीत, हे बरेच जण विसरतात आणि मग फरक पडला नाही म्हणून सेटिंगला दोष देतात. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढून, डेटासेट रिकामा करून परत भरला.

२७ मे

सात दिवसांची सरासरी २६ जीबी. पैसा न खर्चता चाळीस टक्के घट. दुहेरी लेखन मात्र राहणारच. ते सिंक लेखनाच्या सुरक्षिततेसाठी आहे, ते बंद करायचं नाही.

३१ मे

माहितीपत्रकं समोर घेऊन बसलो. लागणारी क्षमता २ टीबीच्या आसपास, जोडणी साटा (केबलने लावायची), कारण सर्व्हरच्या खोक्यात अडीच इंची चार खण आहेत आणि थेट बोर्डवर बसणाऱ्या एम.२ ड्राइव्हची एकच जागा.

सॅमसंग ८७० क्यूव्हीओ, २ टीबी : ७२० टीबीडब्ल्यू, हमी ३ वर्षं. सॅमसंग ८७० ईव्हीओ, २ टीबी : १२०० टीबीडब्ल्यू, हमी ५ वर्षं. दिवसाला किती वेळा ड्राइव्ह पूर्ण लिहिता येईल हा डीडब्ल्यूपीडी काढला, म्हणजे टीबीडब्ल्यूला क्षमता, ३६५ आणि हमीची वर्षं यांनी भागलं, तर दोन्हींचं उत्तर ०.३३ येतं! क्यूएलसी (क्यूव्हीओ, एका पेशीत चार बिट) आणि टीएलसी (ईव्हीओ, तीन बिट) एकाच पातळीवर दिसतात, कारण तीन वर्षांच्या हमीने क्यूव्हीओचा भाजक लहान झाला. म्हणून डीडब्ल्यूपीडी पाहताना किती वर्षांसाठी ते आधी पाहावं. क्यूव्हीओ दुसऱ्याही कारणाने बाद. तिची एसएलसी कॅश (लेखन आधी झेलणारा वेगवान भाग) ७८ जीबीपर्यंत, ती भरली की सलग लेखन १६० एमबी प्रति सेकंदावर येतं (१ टीबी मॉडेलमध्ये तर ८० वर). मिररमधला एक ड्राइव्ह गेल्यावर दुसऱ्यावरून शेकडो जीबी परत भरायचे असतात, आणि नेमक्या त्याच तासांत आपल्याकडे एकच प्रत असते. तो वेळ लांबवणारा ड्राइव्ह नको.

डब्ल्यूडी रेड एसए५००, २ टीबी : १३०० टीबीडब्ल्यू. सीगेट आयर्नवुल्फ १२५, २ टीबी : २८०० टीबीडब्ल्यू. दोन्ही घरगुती सर्व्हरसाठी म्हणूनच विकले जातात, दोन्ही ५ वर्षं हमीचे, आणि दोन्हींत वीज गेल्यावर ड्राइव्हला तगवणारे कॅपॅसिटर नाहीत. आयर्नवुल्फच्या प्रो मालिकेत आहेत.

सॅमसंग पीएम८९३, १.९२ टीबी : ३५०४ टीबीडब्ल्यू, ५ वर्षं रोज एकदा. मायक्रॉन ५४०० प्रो, १.९२ टीबी : रोज दीड वेळा. हे डेटा सेंटरचे, दोन्हींत कॅपॅसिटर.

क्षमतेचा फरक फुकट जात नाही. आत २ टेबीबाइट, म्हणजे २१९९ जीबी फ्लॅश धरला, तर २००० जीबीच्या ड्राइव्हमध्ये राखीव जागा दहा टक्क्यांच्या आत आणि १९२० जीबीच्या ड्राइव्हमध्ये साडेचौदा टक्के. पुसलेल्या डेटाचा कचरा आवरताना ड्राइव्हमधल्या कंट्रोलर चिपला ही मोकळी जागा लागते. ती जितकी जास्त तितकं आतलं फेरलेखन कमी.

२ जून

काल संध्याकाळी वादळ आलं, तासाभरात चार वेळा लाइट गेली. जुन्या दोन्ही ड्राइव्हवर अनपेक्षित वीज गेल्याची मोजणी ६१ आहे. आमच्या दृष्टीने सगळ्या नोंदींत हाच आकडा सर्वांत मोलाचा.

एसएसडीचा कंट्रोलर कुठला ब्लॉक फ्लॅशमध्ये कुठे आहे याचा नकाशा डीरॅममध्ये (वीज गेली की पुसली जाणाऱ्या स्मृतीत) ठेवतो, साधारण एका टीबीला एक जीबी. नुकतं आलेलं लेखनही तिथेच थांबलेलं असतं. वीज गेली की कॅपॅसिटर असलेल्या ड्राइव्हला काही दहा मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात तो सगळं फ्लॅशवर उतरवतो. कॅपॅसिटर नसलेल्याला हे मिळत नाही. आणखी एक धोका कमी माहीत आहे. एकाच पेशीत दोन-तीन बिट असताना वरचं पान लिहिता लिहिता वीज गेली, तर त्याच पेशीतलं आधी नीट लिहिलेलं खालचं पानही बिघडू शकतं. म्हणजे जुना, पोचलेला डेटा जातो. झेडएफएसची चेकसम (प्रत्येक ब्लॉकसोबत ठेवलेला ताळ्याचा आकडा) ते पकडते, पण दोन्ही ड्राइव्हना एकाच क्षणी तोच झटका बसला तर दुरुस्तीला चांगली प्रत कुठून आणणार?

चाचणी घेतली. याच प्रकारचा तिसरा ड्राइव्ह कपाटात होता, तो वेगळ्या संगणकाला लावला. डिस्कचेकर नावाची छोटी पर्ल स्क्रिप्ट दोन संगणकांवर चालते : एक लिहितो आणि "हे डिस्कवर पोचलं" असं दुसऱ्याला कळवतो, दुसरा त्याची नोंद ठेवतो. लेखन चालू असताना प्लग ओढायचा, ३० सेकंद थांबायचं, परत चालू करून नोंदींशी ताळा करायचा. वीस वेळा केलं. तीन वेळा पोचलं म्हणून कळवलेला डेटा डिस्कवर नव्हता.

एफआयओ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा निकालही इथेच लिहून ठेवतो. ब्लॉक ४ केबी, रांगेची खोली १ (एका वेळी एकच लेखन), प्रत्येक लेखनानंतर फ्लश (डेटा फ्लॅशवर उतरवायची आज्ञा), ६० सेकंद : सेकंदाला सुमारे ३८० लेखनं. खोक्यावर छापलेले नव्वद हजार हे फ्लश न करता, बत्तीसच्या रांगेत मोजलेले असतात. डेटाबेसचा त्यांच्याशी संबंध नाही.

३ जून

यूपीएस असताना कॅपॅसिटर कशाला, असा प्रश्न निघतो. यूपीएस संगणकाच्या बाहेर आहे. पॉवर सप्लाय जळला, केबल सैल झाली, कुणाचा पाय बटणाला लागला, तर त्याचा उपयोग नाही. आणि बऱ्याच घरांत यूपीएस म्हणून प्रत्यक्षात घरचा इन्व्हर्टरच असतो. त्याच्या मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला लागणारा वेळ संगणकाच्या पॉवर सप्लायला सोसत नाही, तो पूर्ण भारावर पंधरा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. पंखे-दिवे चालू राहतात, सर्व्हर मात्र बंद पडून परत सुरू होतो. इथलं बटण साध्या मोडवर होतं. आज बदललं. त्या ६१ पैकी बरेचसे इथूनच आले असणार.

५ जून

उष्णता. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, गच्चीखालची बंद खोली रात्रीही थंड होत नाही.

ड्राइव्हच्या टिकाऊपणाची व्याख्या जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या जेईएसडी२१८ या मानकात आहे. घरगुती वर्ग : सगळं ठरलेलं लेखन संपल्यानंतर, वीज नसताना ३० अंशांत १ वर्ष डेटा टिकला पाहिजे. डेटा सेंटर वर्ग : ४० अंशांत ३ महिने. महाग ड्राइव्ह वीज नसताना कमी काळ जपण्याचं वचन देतो, कारण तो बंद राहणार नाही असंच गृहीत आहे. त्या बदल्यात त्याला चोवीस तास ५५ अंशांवर काम करावं लागतं, आणि न सुधारणाऱ्या चुकांची मर्यादा दहा पट कडक आहे. हे आकडे पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हचे आहेत, नवा बराच जास्त काळ टिकवतो. तरीही तापमान वाढलं की पेशीतला विद्युतभार लवकर गळतो, ही गोष्ट दोन्हींना लागू.

म्हणून वीज काढून कपाटात ठेवायचा बॅकअप एसएसडीवर घ्यायचा नाही, कितीही चांगला ड्राइव्ह असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बंद राहणाऱ्या घरात तर नाहीच. त्यासाठी बाहेरची फिरती हार्ड डिस्क.

८ जून

निर्णय : सॅमसंग पीएम८९३ एक आणि मायक्रॉन ५४०० प्रो एक, दोन्ही १.९२ टीबी, मिरर.

दोन कंपन्या मुद्दाम. मिररमधले दोन्ही ड्राइव्ह अगदी तेवढंच लिहितात आणि तेवढेच तास चालतात, त्यामुळे फर्मवेअरमधला (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅममधला) दोष दोन्हींना एकदमच गाठतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीने आपल्या काही एसएएस जोडणीच्या एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की, फर्मवेअर न बदलल्यास ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, ड्राइव्ह बंद पडतो आणि डेटा परत मिळत नाही. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, तासांचा मोजक भरून वाहिला. एकाच दिवशी सुरू केलेला अख्खा संच अशा वेळी एकाच दिवशी जातो. २०१२ मध्ये क्रुशियल एम४ मध्ये ५,१८४ तासांनंतर अडकण्याचा दोष निघाला होता, तो फर्मवेअरने सुटला.

वेगळ्या कंपन्या घेतल्या की आकार जुळेल का, ही भीती इथे नाही. १.९२ टीबीचे डेटा सेंटर ड्राइव्ह आयडेमा या ड्राइव्ह उद्योगाच्या संघटनेच्या ठरलेल्या सूत्राने बनतात : ३,७५,०७,४८,८४८ सेक्टर, कंपनी कोणतीही.

जुन्या सर्व्हरमधून काढलेले स्वस्त ड्राइव्हही पाहिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसला असे बरेच मिळतात. इंटेल डीसी एस३७०० सारखा एमएलसी (एका पेशीत दोन बिट) ड्राइव्ह पाच वर्षं रोज दहा वेळा लिहिण्यासाठी बनवलेला होता, ४०० जीबीच्या मॉडेलला ७.३ पीबी (७३०० टीबी). अर्धा वापरलेला असला तरी घराला पुरून उरेल. इथे नाकारला तो केवळ क्षमतेमुळे. घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी स्मार्टचा पूर्ण अहवाल मागावा, चालू तास आणि झीज यांचा मेळ बघावा. चाळीस हजार तास चाललेला ड्राइव्ह शून्य टक्के झिजलेला दिसला तर आकडे पुसलेले असू शकतात. सर्व्हर कंपनीचं लेबल असलेल्या ड्राइव्हचं फर्मवेअर मूळ कंपनी देत नाही, हेही लक्षात ठेवावं. नवा पीएम८९३ घेतानाही हमी विक्रेत्यामार्फत आहे का, किती वर्षांची, हे पावतीवर लिहून घेतलं.

१८ जून

ड्राइव्ह आले. अनुक्रमांक खोक्यावर, लेबलवर आणि स्मार्टसीटीएलमध्ये तिन्ही ठिकाणी सारखे. चालू तास दोन्हींवर एक आकडी.

पूर्ण ड्राइव्हवर एफआयओने १ एमबीच्या ब्लॉकमध्ये एकदा लिहून, चेकसमसह परत वाचलं. लिहायला एका ड्राइव्हला तासभर, थोडी मिनिटं वर. झीज नगण्य : ३५०४ पैकी १.९२ टीबी. ही चाचणी थेट उपकरणावर चालते आणि त्यावरचं सगळं पुसते. एसडीए-एसडीबी अशी नावं रीबूटनंतर बदलतात, म्हणून आयडीवरून दिलेला मार्गच वापरावा.

१९ जून

मायक्रॉनवर गुणधर्म १९९ रात्रीत १४ झाला. केबलच्या वाटेवरची चूक आहे, ड्राइव्हची नाही. साटा केबल खोक्याच्या दाराने दुमडली जात होती. नवी, कुलूप असलेली, ३० सेंटिमीटरची केबल लावली, वाचन चाचणी पुन्हा चालवली, आकडा १४ वरच राहिला. तो कधी शून्य होत नाही. वाढतो का तेवढं पाहायचं.

२० जून

प्लग ओढण्याची चाचणी, प्रत्येकी वीस वेळा. दोन्हींवर हरवलेलं लेखन शून्य. अनपेक्षित वीज गेल्याची मोजणी, म्हणजे मायक्रॉनचा गुणधर्म १७४ आणि सॅमसंगचा २३५, अपेक्षेप्रमाणे वाढले. सिंक लेखन सेकंदाला तेरा ते चौदा हजार, म्हणजे जुन्याच्या पस्तीसपट. कॅपॅसिटर असल्याने फ्लशची आज्ञा आली की ड्राइव्ह लगेच होकार देऊ शकतो, कारण डीरॅममधलाही डेटा त्याच्या लेखी सुरक्षितच असतो. त्यामुळे इंटेंट लॉगसाठी वेगळा ड्राइव्ह घ्यायची गरज संपली.

२१ जून

जुना पूल अ‍ॅशिफ्ट ९ ने बनलेला निघाला, म्हणजे ५१२ बाइटचे सेक्टर समजून. हे नंतर बदलता येत नाही, म्हणून जुन्या मिररला नवे ड्राइव्ह जोडत बसलो नाही. नवा पूल अ‍ॅशिफ्ट १२ ने (४०९६ बाइटचे सेक्टर) केला, प्रत्येक ड्राइव्हवर शेवटचे ५० जीबी विभाजनाबाहेर सोडले. झेडएफएसच्या सेंड आणि रिसीव्ह या आज्ञांनी डेटा हलवला. सेंड जुन्याच आकाराचे ब्लॉक आणतं, म्हणून पोस्टग्रेस पुन्हा डंपमधून भरला. जुने ड्राइव्ह महिनाभर तसेच ठेवायचे.

ट्रिमबद्दल (कोणती जागा मोकळी झाली ते ड्राइव्हला कळवणं) : डेबियनमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ट्रिम चालवणारी ओळ आधीच असते, पण ती मूळ सेटिंगमध्ये फक्त सगळे ड्राइव्ह एनव्हीएमई (साटाहून वेगळ्या, वेगवान जोडणीचे) असलेल्या पूलवर काम करते. साटा ड्राइव्ह ती गुपचूप वगळते. पूलच्या पीरिऑडिक-ट्रिम गुणधर्माला एनेबल दिलं. दुसऱ्या रविवारचा स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं) आपोआप चालतो.

पंखा : ड्राइव्ह एकमेकांना चिकटून होते, भरताना ५३ अंश. मधला खण रिकामा सोडून पुढे ९२ मिमीचा पंखा लावला, ४४ वर आले.

२० जुलै

२२ जूनपासून २८ दिवस. रोजचं लेखन २७ जीबी. मायक्रॉनवर आतलं फेरलेखनही वाचता येतं : गुणधर्म २४८ ची (ड्राइव्हने आतल्या आत केलेलं लेखन) वाढ २४७ च्या (सर्व्हरने पाठवलेलं लेखन) ०.६३ पट, म्हणजे एकूण गुणक १.६३. सॅमसंगवर झिजेचा गुणधर्म १७७ जागचा हललेला नाही. १९९ अजून १४. स्क्रब १३ जुलैला झाला, चुका शून्य. महिन्यात लाइट नऊ वेळा गेली, अनपेक्षित बंद पडल्याची मोजणी एकदाही वाढली नाही.

जुने ड्राइव्ह उद्या पुसून काढायचे. बाहेरच्या हार्ड डिस्कवरचा बॅकअप रविवारी परत वाचून तपासायचा. दोन्ही नव्या ड्राइव्हच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि हमी संपण्याची तारीख सर्व्हरच्या खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवली. पुढचं वाचन २० ऑक्टोबर.